सुईण सेबोलेलोची साक्ष

सेबोलेलो लेफोईनं जन्मात कुठल्या गोऱ्याला 'बास', म्हणजे मालक, म्हणून हाक मारली नाही. लोकेशनातले, म्हणजे काळ्यांच्या वस्तीतले, झाडून सगळे म्हणायचे. पाद्री म्हणायचा, शाळामास्तर म्हणायचा. ही 'मिस्टर' म्हणायची, आणि तेही शिंक आल्यासारखं, नाकातून. ती वाढली एका गोऱ्याच्या शेतावर. तिथं बापाला उठता-बसता 'बास, बास' करताना ऐकलं होतं. अठराव्या वर्षी लग्न होऊन रीटपानच्या लोकेशनात आली, तेव्हा तो शब्द तिकडंच ठेवून आली.

रीटपान हे दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतातलं लहानसं गाव. ओढ्यापलीकडचं गाव गोऱ्यांचं, अलीकडचं लोकेशन आपलं. मातीच्या विटांची घरं, वर पत्रा, पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड. नळ चार, त्यातले दोन कोरडे. तिचा नवरा रेल्वेत रूळ बसवायच्या टोळीत होता. दोन मुलं झाली, दोन्ही वर्षाच्या आत गेली. त्रेचाळीस साली नवराही छातीच्या दुखण्यानं गेला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती दुसऱ्यांची मुलं झेलायला लागली होती. माफोकेंग नावाच्या म्हाताऱ्या सुईणीनं तिला हाताशी धरलं, शिकवलं, आणि मरताना सांगितलं, "आता हे लोकेशन तुझ्या हातात पडणार आहे. ओलं आणि ओरडत."

तसंच झालं. पस्तिशीतच सगळे तिला 'न्कोनो' म्हणायला लागले, म्हणजे आजी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठलं मूल कुठल्या घरात, कुठल्या हवेत, कुणाच्या आरडाओरड्यात जन्मलं हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. माफोकेंगची एक रीत तिनं सोडली नव्हती. बाळाची नाळ पडली की ती एका डब्यात घालायची, सोबत बापाची एखादी बारीकशी वस्तू ठेवायची, आणि डबा दाराच्या आत, उंबऱ्याच्या डाव्या बाजूला जमिनीत पुरायचा. "पोराला कळायला हवं, आपण कुणाचे नि कुठले," एवढंच ती सांगायची.

त्रेसष्ट साली नगरपालिकेनं जाहीर केलं की जुनं लोकेशन पाडायचं. रेल्वेरुळांपलीकडं, गावापासून चार मैलांवर, नवी घरं बांधली होती. त्या जागेला आपल्या सोथो भाषेत 'आनंद' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. लोकांनी एकदा जाऊन बघितलं आणि तिला काड्यापेट्या म्हणायला लागले, कारण सगळी घरं तशीच, एकासारखं एक, ओळीत लावलेली.

खरी मेख पुढं होती. नव्या जागी घर कुणाला, तर ज्याचा रीटपानमध्ये राहण्याचा हक्क आहे त्याला. हक्क कुणाला, तर जो इथं जन्मला आणि इथंच राहिला त्याला, किंवा ज्यानं वर्षानुवर्षं एकाच मालकाकडं राबून तसा शिक्का मिळवला त्याला. बाकीच्यांनी बहात्तर तासांत निघायचं, डोंगरातल्या विट्झिसहूकला, सोथो लोकांसाठी सरकारनं नेमून दिलेल्या मुलखात. आणि लोकेशनच्या ऑफिसातली जन्माची नोंद सुरू झाली होती शेहेचाळीस साली. त्याआधी जन्मलेल्यांचं काय? मिशनच्या पाद्र्याकडं बाप्तिस्म्याची पुस्तकं होती, पण तो दुसरीकडं बदलून गेला आणि पुस्तकं कुठं गेली ते कुणालाच सांगता येईना.

लोकेशनचा अधिकारी होता ग्रोब्लर. लाल मानेचा, नीटनेटका; टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावून ठेवणारा. एका सोमवारी सेबोलेलो खांद्यावर घोंगडं टाकून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. मागं रांगेत त्रेचाळीस माणसं.

"काय आहे?" ग्रोब्लरनं मान वर न करता विचारलं.

"मिस्टर ग्रोब्लर, ही सगळी इथं जन्मलेली आहेत."

"कागद?"

"मी आहे."

"तू कागद आहेस?"

"कागद हरवतो, उंदीर खातात. मी अजून शाबूत आहे. यांच्यातल्या प्रत्येकाचं डोकं आधी माझ्या हातात आलं, मग जगात आलं."

रांगेत कुणीतरी हसलं. ग्रोब्लर हसला नाही. "म्हातारीच्या गप्पांवर मी शिक्का मारत नाही," तो म्हणाला, आणि शिपायाला दार लावायला सांगितलं.

त्या त्रेचाळिसांत मोइपोने त्सोलो होती. अठ्ठावीस वर्षांची, इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करायची, दोन मुलांची आई. आईबाप दोघंही वारलेले. तिला बहात्तर तासांची चिठ्ठी मिळाली. ती गेली नाही, म्हणून पाचव्या दिवशी तिला पकडलं. लोकेशनातल्या बायकांनी धावपळ करून ब्लूमफाँटेनहून एक वकील आणला, लेसेनी नावाचा. आपल्यातलाच, बारीक अंगाचा, कोटाच्या कोपरांना ठिगळं. तो सेबोलेलोच्या घरी आला, तिनं पुढं केलेली आल्याची बिअर प्यायला आणि म्हणाला, "म्मे, आई, कोर्टात ते तुम्हाला खोटं पाडायला बघतील."

"पाडू देत. मी उठून बसेन."

"एक सांगून ठेवतो. एका खोट्या शब्दात तुम्ही सापडलात, तर बाकीचे बेचाळीसही गेले."

हे तिला सांगायची गरज नव्हती. आदल्या आठवड्यातच रातलाडी तिच्याकडं येऊन गेला होता. वीटभट्टीवर काम करायचा, भला माणूस, पण जन्मलेला लेडीब्रँडकडं. दारात उभा राहून टोपी हातात चुरगळत म्हणाला, "न्कोनो, एक शब्द बोल. इथंच झेललं म्हण. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"माझी बायको पोटुशी आहे."

"मला माहीत आहे. तिचं मूल मी झेलणार आहे. पण तुला मी झेललं नाही, बाबा."

रातलाडीला विट्झिसहूकला पाठवलं. बायकोही त्याच्यामागं गेली. जाताना ती सेबोलेलोच्या दारावरून गेली आणि थुंकली. सेबोलेलो दारातच उभी होती. त्या दिवशी तिनं दुपारचा मक्याचा घाटा शिजवला आणि तसाच भांड्यात ठेवून दिला.

खटल्याच्या दिवशी कोर्ट भरून गेलं होतं. शेतावर वाढल्यामुळं सेबोलेलोला गोऱ्यांची आफ्रिकान्स भाषा चांगली यायची, पण आपण सोथोतच बोलणार, असं तिनं ठणकावून सांगितलं. म्हणून मध्ये दुभाष्या उभा केला. तो बिचारा नोकरीला जपणारा माणूस.

सरकारी वकिलानं विचारलं, "लिहिता येतं?"

"नाही."

"मग अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा जन्म तुला कसा आठवतो?"

"याला म्हणावं, तुझ्या आईला विचार तू कधी जन्मलास. ती सांगायच्या आधी वही शोधेल का?"

दुभाष्यानं घसा खाकरला. "साक्षीदार म्हणते, बायकांना जन्म लक्षात राहतो."

सेबोलेलो त्याच्याकडं वळली. "न्ताते, बाबा, मी याच्या आईचं विचारलं होतं. माझ्या बोलण्यात पाणी घालू नका. जसं देते तसं द्या."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मॅजिस्ट्रेटनं हातोडी आपटली. पण त्यालाही आफ्रिकान्समधलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं यातलं अंतर कळलं असावं. तो म्हणाला, "शब्दाला शब्द सांगा."

मग तिनं सांगितलं. टोळधाड आली त्याच्या पुढल्या वर्षीचा जुलै. तीन दिवस असा गारठा की ओढ्यावर बर्फाचा पापुद्रा. दोनशे चौदा नंबरचं घर. मोइपोनेची आई मान्त्वा, पहिलटकरीण, दोन दिवस अडली होती. मूल पायाळू. बाप रेल्वेत, सेबोलेलोच्या नवऱ्याच्याच टोळीतला. "आणि नाळ मी डब्यात घातली. दुधाचा डबा. सोबत बापाच्या कोटाचं बटण, पितळी, वरून दुसरं. ते आधीच तुटून खिशात होतं. दाराच्या आत, डाव्या हाताला पुरली. जाऊन बघा."

सरकारी वकील हसला. "घर पाडलंय ना ते?"

"घर पाडलंय. जमीन कुठं पाडता येते?"

लेसेनी उठला आणि म्हणाला, कोर्टानं जागेवर येऊन पाहावं अशी माझी विनंती आहे. मॅजिस्ट्रेटनं खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन चांगलं पडलं होतं. "ओढ्यापलीकडंच ना?" म्हणाला. "चला."

अशी ती वरात निघाली. पुढं मॅजिस्ट्रेट, मग दोन्ही वकील, ग्रोब्लर, दुभाष्या, दोन पोलिसांमध्ये मोइपोने, फावडं घेतलेला एक शिपाई, आणि मागं निम्मं लोकेशन. निम्मंच, कारण बाकीचं लोकेशन उरलंच नव्हतं. बुलडोझर फिरून गेला होता. विटांची माती झाली होती, पत्रे नेले होते, आणि जिथं घरं होती तिथं नुसत्या शेणानं सारवलेल्या जमिनी उघड्या पडल्या होत्या. दोनशे चौदाचीही तशीच जमीन, कडेला पीचचं एक झाड.

सेबोलेलोनं एका जागी बोट दाखवलं. उंबऱ्याचा दगड अजून तिथंच होता. शिपायानं त्याच्या डाव्या बाजूला खणलं. हातभर. दीड हात. काहीच नाही. त्यानं उजवीकडं खणलं. तिकडंही काही नाही.

"झालं?" ग्रोब्लर म्हणाला. "साहेब, हे असंच आहे. हे लोक काय वाटेल ते सांगतात."

मोइपोनेनं खड्ड्यात वाकून पाहिलं. लेसेनी जमिनीकडं बघत राहिला. आपलं डोकं फिरलं की काय, असं त्या एका क्षणी सेबोलेलोला खरंच वाटलं. ती उंबऱ्याच्या दगडावर उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. मान्त्वा कुठं होती? भिंतीला टेकून. तिच्या अंगावर ऊन कुठून येत होतं? सकाळची वेळ, आणि ऊन थेट दारातून बाळंतिणीच्या पायांवर पडलेलं.

तिनं डोळे उघडले. या उंबऱ्याचं तोंड पश्चिमेला होतं.

"हे दार नंतरचं," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीसच्या वादळात पत्रा उडाला, तेव्हा हिच्या बापानं वाऱ्याकडचं दार बुजवून इकडं काढलं. मी म्हणते ते दार तिकडं होतं, झाडाकडं." आणि ती ताडताड चालत पलीकडच्या कडेला गेली, टाचेनं जमिनीवर खूण केली. "इथं."

"म्हणजे सापडेपर्यंत सगळं लोकेशन खणायचं का?" सरकारी वकील म्हणाला.

"एकदाच," मॅजिस्ट्रेट म्हणाला.

शिपायानं खणलं. दोन वीत खाली फावडं कशाला तरी अडलं. मूळ होतं, पीचचं, मनगटाएवढं. शिपाई गुडघे टेकून हातानं माती काढायला लागला. मुळाच्या कवेत गंजून काळा झालेला एक डबा होता. मूळ एका बाजूनं त्याच्यात शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलं होतं.

"काल-परवा पुरला असेल," ग्रोब्लर म्हणाला.

मॅजिस्ट्रेट खाली वाकला, डबा धरून ओढून पाहिला. मूळ तोडल्याशिवाय तो सुटेना. तो गुडघ्यावरची माती झटकत उभा राहिला आणि ग्रोब्लरकडं बघून म्हणाला, "मिस्टर ग्रोब्लर, झाडाकडून असं काही कोणी एका रात्रीत करून घेऊ शकत नाही."

मूळ तोडलं, डबा फोडला. आत काळी धूळ आणि एक पितळी बटण, रेल्वेची अक्षरं असलेलं. मोइपोनेनं ते हातात मागितलं. पोलिसानं दिलं. पुरावा म्हणून ते नंतर परत घ्यावं लागलं, तेव्हा तिची मूठ उघडायला दोन मिनिटं लागली.

मोइपोने सुटली. मॅजिस्ट्रेटनं निकालात लिहिलं की साक्षीदार विश्वासार्ह आहे. त्या ओळीवर लेसेनीनं पुढं तीन महिने झगडून त्रेचाळिसांपैकी एकतीस जणांचा हक्क मिळवला. बाकी बारा वेगवेगळ्या कारणांनी गेले: कुणी मध्ये दोन वर्षं खाणीत राहून आला होता, कुणाचं लग्न भलतीकडं झालं होतं. सेबोलेलो त्या प्रत्येकाला स्टेशनवर पोचवायला गेली.

आणि मग ग्रोब्लरनं तिचा कागद काढला.

घराचा परवाना नवऱ्याच्या नावानं होता, आणि नवरा एकवीस वर्षांपूर्वी मेला होता. विधवेला नव्या जागी घर नाही. पास, म्हणजे काळ्यांनी कायम जवळ बाळगायचं ओळखपुस्तक, तिनं कधी काढलाच नव्हता. जन्म? शेतावर, तालुक्याबाहेर. शिपाई बहात्तर तासांची चिठ्ठी घेऊन आला आणि तिच्याकडं न बघता उंबऱ्यावर ठेवून गेला. त्याचीही नाळ तिनंच पुरली होती.

मोइपोने धावत आली. मागं आणखी सात-आठ बायका.

"न्कोनो, आम्ही सांगतो," मोइपोने म्हणाली. "म्हातारी माफोकेंगनं तुला इथंच झेललं. आम्ही सगळ्या शपथ घेतो. माफोकेंग काही थडग्यातून उठून यायची नाही."

"आणि ग्रोब्लरनं त्या शेतावर माणूस पाठवला तर?"

"पाठवू दे."

"तो पाठवीलच. मग म्हणेल, ही स्वतःच्या जन्माबद्दल खोटं बोलते, तर तुमच्या जन्माबद्दल काय खरं बोलली असेल? एकतीस घरं उठतील." ती घोंगड्याची घडी घालत होती. "रातलाडीला मी नाही म्हटलं. आता स्वतःला हो म्हणू?"

"म्हणजे तू जाणार?"

"ते नेतील. राहणार कुठं ते मी ठरवीन."

लॉरीनं तिला विट्झिसहूकला नेऊन सोडलं. उघडा डोंगर, वारा, पत्र्याच्या खोल्यांची रांग, पाण्यासाठी मैलभर चाल. दुसऱ्या दिवशी पाण्यावर तिला रातलाडी भेटला. त्यानं आधी आपली बादली भरून घेतली.

"आता कळलं?" मग म्हणाला.

"हो."

"मुलगी झाली आम्हाला. इथं सुईण नव्हती." तो थांबला. "जगली."

सेबोलेलो त्याच्याबरोबर त्याच्या खोलीवर गेली. बायकोनं तोंड फिरवलं, पण मूल हातात दिलं. सेबोलेलोनं ते पालथं केलं, सुलटं केलं, कानामागं पाहिलं, टाळूला बोट लावलं. "चांगली आहे," म्हणाली. "आईनं चांगलं केलं." चौथ्या दिवशी रातलाडीनंच तिला स्टेशनची आडवाट दाखवली.

ती रीटपानला परत आली. पकडली, चौदा दिवस तुरुंगात फरश्या पुसल्या, पुन्हा लॉरी. पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिच्या नावावर घर नव्हतं, म्हणून शोधायचं कुठं हेच कुणाला कळेना. ज्या घरात बाई दिवस मोजत असेल त्या घरात ती राहायची, आणि काड्यापेट्यांमध्ये अशा घरांना कधी तोटा नसायचा.

एकदा मात्र ग्रोब्लर नेमका पोचला. भर दुपार, आत बाई कळा देत होती. सेबोलेलो दारात आली. कोपरापर्यंत हात रक्तानं माखलेले. ग्रोब्लरनं एक पाऊल मागं घेतलं.

"मिस्टर ग्रोब्लर, मी येते. पण हे मूल आडवं आहे. आत्ता नेलंत तर दोन मढी तुमच्या खात्यावर. बसा."

"बसू?"

"पायरीवर. खुर्ची एकच आहे, ती कामात आहे."

तो बसला. तीन तास. उन्हानं त्याची मान आणखी लाल झाली. शेजारपाजारच्या बायका एकेक करून आल्या आणि कुंपणाशी उभ्या राहिल्या. कुणी गेलं नाही. एकीनं त्याला पाण्याचा पेला दिला. त्यानं तो घेतला. शेवटी आतून रडणं ऐकू आलं. सेबोलेलो बाहेर आली, घमेल्यात हात धुतले, लाल पाणी त्याच्या बुटांपासून वीतभर लांब ओतलं आणि व्हॅनमध्ये स्वतःच चढून बसली. "मुलगा," जाताना तिनं बायकांना सांगितलं. "बापाला म्हणावं, काहीतरी वस्तू काढून ठेव. मी आठवड्यात येते."

नवव्या दिवशी आली.

ग्रोब्लरनं त्यानंतर तिला पकडलं नाही. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षांनी त्याची बदली झाली. त्याच्यामागून आलेल्यांनी कधी छापे घातले, कधी नाही. आणखी दोनदा तिनं तुरुंगाच्या फरश्या पुसल्या. शहात्तरच्या साली शाळेतली मुलं आफ्रिकान्सच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली, दगड उडाले, गोळ्या सुटल्या, तेव्हा ती कुठल्याशा घरात जखमा बांधत होती. कागदावर ती तिथं नव्हतीच.

शहाऐंशी साली पासचा कायदा गेला. नव्या जागेच्या सभागृहात टेबलं मांडून लोकांना नवी ओळखपत्रं द्यायला सुरुवात झाली. सेबोलेलो सत्त्याहत्तर वर्षांची होती. मोइपोनेनं महिनाभर तिच्यामागं भुणभुण लावली, तेव्हा कुठं ती तयार झाली. टेबलापलीकडं एक तरुण कारकून बसला होता, गावाबाहेरचा.

"जन्म कुठं, आजी?"

तिनं त्या शेताचं नाव सांगितलं.

"इथं कधीपासून?"

"सत्तावीस सालापासून."

त्यानं जुनी फाइल चाळली, कपाळाला आठ्या घातल्या. "पण आजी, इथं लिहिलंय की चौसष्टपासून तुम्ही विट्झिसहूकला राहता. बावीस वर्षं."

"असं?" सेबोलेलो म्हणाली. "मग माझ्या नावानं तिथं कोणीतरी राहत असेल. भेटली तर नमस्कार सांगा."

कारकुनानं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्यामागं उभ्या असलेल्या मोइपोनेकडं, मग दारापर्यंत गेलेल्या रांगेकडं. रांगेतलं कुणी हसत नव्हतं. त्यानं पेन उघडलं, चौसष्टवर आडवी रेघ मारली आणि शेजारी सत्तावीस लिहिलं. सेबोलेलोनं कागद आपल्याकडं फिरवून घेतला आणि मोइपोनेला म्हणाली, "वाच. काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच."